पोलिश वृत्तपत्रांचा इतिहास शोधायचा तर सुरुवात कुठून करावी?

पोलंडचं जुनं वर्तमानपत्र समोर आलं की आधी एकच गोष्ट पाहावी: हा अंक कुणाच्या राज्यात छापला? बातमी, लेखक, राजकीय कल हे सगळं त्यानंतर. 1772, 1793 आणि 1795 अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला आणि 1918 पर्यंत नकाशावर स्वतंत्र पोलंड नव्हता. पोलिश वर्तमानपत्रं मात्र निघतच राहिली. एकाच भाषेतली ही पत्रं तीन साम्राज्यांच्या कायद्याखाली, तीन चलनांत आणि दोन दिनदर्शिकांवर चालत होती. हे डोक्यात पक्कं नसेल तर स्कॅन कितीही मिळोत, त्यांचा अर्थ लावताना फसायला होतं.

हा लेख घरबसल्या अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकासाठी आहे. पोलिश येत असेल तर उत्तमच, नसेल तरी बरंच काही जमतं.

प्रश्न लहान करा

"पोलिश पत्रकारितेचा इतिहास" हा विषय एका माणसाच्या आवाक्यातला नाही. पोलिश विज्ञान अकादमीने येझी वोयेक यांच्या संपादनाखाली 1976 ते 1980 या काळात चार जाडजूड खंड काढले, तेही फक्त 1945 पर्यंतचे. आपण एक पत्र, एक शहर, एक प्रसंग किंवा एक सदर घ्यावं. उदाहरणार्थ, 1896-97 मधल्या मुंबईच्या प्लेगची बातमी वॉर्साच्या वाचकासमोर कशी आली? त्याच आठवड्यात क्राकूव आणि पोझ्नानच्या पत्रांत काय होतं? असा प्रश्न घेतला की किती अंक पाहायचे हे ठरतं आणि काम संपण्याची शक्यता निर्माण होते.

शिवाय एकच प्रसंग तिन्ही साम्राज्यांतल्या पत्रांत शेजारी-शेजारी ठेवून वाचणं हा या क्षेत्रातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग आहे. काय छापलं याच्याइतकंच काय गाळलं हेही त्यातून दिसतं.

काळाचा सांगाडा

तपशिलात शिरण्याआधी काही टप्पे लक्षात असू द्या. पहिलं पोलिश वृत्तपत्र म्हणजे 'मेर्कुरियुश पोल्स्की'. 3 जानेवारी 1661 रोजी क्राकूवमध्ये निघालं, मेमध्ये वॉर्साला हललं आणि जुलैत बंद पडलं. त्यामागे दरबार होता: राजा हयात असतानाच पुढच्या राजाची निवड व्हावी या सुधारणेला लोकमत मिळवायचं होतं. म्हणजे पहिलं पत्रही प्रचारासाठीच निघालेलं. अठराव्या शतकात राजाच्या पाठिंब्याने 'मोनितोर' (1765 ते 1785) हे प्रबोधनाचं नियतकालिक चाललं, आणि 1774 पासून 'गाझेता वार्शाव्स्का' हे बातमीपत्र.

एकोणिसाव्या शतकातली दोन नावं वारंवार भेटतील. एक वॉर्साचं 'कुरियेर वार्शाव्स्की', 1821 पासून 1939 पर्यंत चाललेलं, शहराची नस ओळखणारं दैनिक. दुसरं क्राकूवचं 'चास', 1848 पासून 1939 पर्यंत, सनातनी वळणाचं. 'चास'चं बिऱ्हाड 1935 मध्ये वॉर्साला गेलं हे ध्यानात ठेवा, नाहीतर शेवटच्या वर्षांचे अंक चुकीच्या शहरात शोधत बसाल. सचित्र साप्ताहिकांत 1859 पासूनचं 'तिगोद्निक इलुस्त्रोवानी' चित्रांसाठी अवश्य चाळावं.

भूमिगत पत्रांची परंपराही जुनी. समाजवादी पक्षाचं 'रोबोत्निक' 1894 पासून गुप्तपणे छापलं जाई. फेब्रुवारी 1900 मध्ये वूच शहरातल्या एका घरावर धाड पडली, छापखाना सापडला आणि संपादक पकडला गेला. हा संपादक म्हणजे युझेफ पिउसुत्स्की, पुढे स्वतंत्र पोलंडचा प्रमुख झालेला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बाजारू दैनिकं वाढली. क्राकूवचं 'इलुस्त्रोवानी कुरियेर त्सोद्झेन्नी' (1910 ते 1939) हे त्यातलं अग्रणी. साहित्यात 1924 पासून संपादक ग्रिद्झेव्स्कींचं 'व्यादोमोश्ची लितेरात्स्क्ये'. याच काळात वॉर्सात ज्यूंच्या यिद्दिश भाषेतली 'हाइन्त' आणि 'मोमेन्त' ही मोठी दैनिकं निघत होती, आणि पोलिश भाषेतलं ज्यू दैनिक 'नाश प्शेग्लोंद' दर शुक्रवारी मुलांची पुरवणी देत होतं. 'माव्ही प्शेग्लोंद' नावाची ही पुरवणी 1926 मध्ये यानुश कोर्चाक यांनी सुरू केली. ती मुलांसाठी तर होतीच, पण लिहीतही मुलंच. 'पोलिश' वृत्तपत्रांचा इतिहास म्हणताना यिद्दिश, युक्रेनियन आणि जर्मन पत्रं वगळली तर अर्धा देश वगळल्यासारखं होतं.

जर्मन व्याप्तीच्या काळात (1939 ते 1945) दोन प्रवाह समांतर वाहतात: जर्मनांनी पोलिश भाषेत चालवलेली पत्रं आणि भूमिगत पत्रं. भूमिगत पत्रांची संख्या हजाराच्या वर जाते. त्यातलं 'ब्युलेतिन इन्फॉर्मात्सिइनी' 5 नोव्हेंबर 1939 पासून निघालं आणि 1944 च्या जर्मनांविरुद्धच्या वॉर्सा उठावात रोज छापलं गेलं. युद्धानंतर साम्यवादी राजवटीत 1948 पासून पक्षाचं 'त्रिबुना लुदू', क्राकूवचं कॅथलिक साप्ताहिक 'तिगोद्निक पोव्शेख्नी' (1945 पासून), आणि देशाबाहेर पॅरिसजवळून येझी गेद्रॉइच यांची 'कुल्तुरा' (1947 ते 2000). सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून परवान्याशिवाय छापलेली पत्रं वाढली. त्यांतलं 'तिगोद्निक माझोव्शे' 1982 ते 1989 या काळात गाजलं. 8 मे 1989 ला 'गाझेता विबोर्चा' निघालं आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल 1990 मध्ये, सेन्सॉर कार्यालय कायद्याने बंद झालं.

अंक हातात आला की बातमीच्या आधी काय वाचायचं

पहिल्या पानाच्या माथ्यावर नाव, अंक क्रमांक, तारीख आणि वर्गणीचे दर असतात. शेवटच्या पानाच्या तळाशी संपादक, प्रकाशक, छापखाना. या दोन जागांवर पाच मिनिटं घालवा.

वर्गणीचे दर बघा. रुबल आणि कोपेक असतील तर रशियन पोलंड. मार्क आणि फेनिग असतील आणि साल पहिल्या महायुद्धाच्या आधीचं असेल तर प्रशिया. गुल्डन, किंवा 1892 नंतर क्राउन आणि हेलर असतील तर ऑस्ट्रियाच्या ताब्यातला गालिचिया. स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला पोलिश मार्क चालत होता. 1923 च्या महागाईत त्याची अशी घसरण झाली की एका अंकाची किंमत हजारांत गेली आणि आठवड्या-आठवड्याला बदलू लागली. 1924 पासून झ्वोती आणि ग्रोश. माथ्यावरचा कोपरा फाटला असेल, तारीख गेली असेल, तरी किंमत शिल्लक असली की काळ आणि प्रदेश बऱ्यापैकी ठरवता येतो.

तारखेचा सापळा फक्त रशियन भागात आहे, पण तो नवख्यांना हमखास गाठतो. रशियात ज्युलियन दिनदर्शिका चालायची, बाकी युरोपात ग्रेगोरियन. वॉर्साच्या अंकावर म्हणून बऱ्याचदा दोन तारखा दिसतात: 20 मार्च आणि लगेच 1 एप्रिल. एकोणिसाव्या शतकात हा फरक 12 दिवसांचा, मार्च 1900 पासून 13 दिवसांचा. आपल्या वहीत दोन्ही उतरवा, आणि क्राकूव किंवा पोझ्नानच्या पत्राशी तुलना करताना ग्रेगोरियन तारीखच धरा. हे केलं नाही तर वॉर्साला बातमी 12 दिवस आधी कळल्याचा चमत्कार तुमच्या टिपणात घडेल.

मग सेन्सॉरची खूण शोधा. रशियन भागात पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत, बहुधा रशियन लिपीत, सेन्सॉरच्या परवानगीची ओळ आणि तिची तारीख असते. ही तारीख ज्युलियन. परवानगी कधी मिळाली आणि अंक कधी निघाला हे ताडून पाहिलं की कामाचा वेग कळतो. ऑस्ट्रियन भागात रीत वेगळी: अंक छापला जाई, मग जप्ती येई. संपादक तो मजकूर काढून त्या जागी कोरं सोडून देत आणि "जप्तीनंतरची दुसरी आवृत्ती" असं लिहून अंक पुन्हा काढत. हीच पद्धत स्वतंत्र पोलंडमध्ये 1939 पर्यंत दिसते. त्यामुळे एका तारखेचे दोन अंक सापडले तर ग्रंथपालाने चूक केली असं समजू नका. एकात मजकूर असेल, दुसऱ्यात त्याच जागी पांढरा ठिपका. हे दोन्ही मिळाले तर आपल्यासारखे नशीबवान आपणच.

प्रशियात छपाईपूर्व सेन्सॉर 1848 मध्ये गेला, पण संपादकांवरचे खटले वाढले. म्हणून पत्रं एक "जबाबदार संपादक" दाखवीत, ज्याचं खरं काम वेळ आली की तुरुंगात जाणं हे असे. शेवटच्या पानावर छापलेलं संपादकाचं नाव आणि प्रत्यक्ष पत्र चालवणारा माणूस यांत फरक असू शकतो, हे पोझ्नान आणि सिलेसियाच्या पत्रांबाबत कायम लक्षात ठेवावं.

साम्यवादी काळात सेन्सॉर अदृश्य होता. काय कापलं हे वाचकाला कळायचं नाही. 1977 मध्ये क्राकूवच्या सेन्सॉर कार्यालयातला एक कर्मचारी, तोमाश स्त्शिझेव्स्की, आतल्या सूचनांचे कागद घेऊन स्वीडनला निसटला आणि ते प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे या यंत्रणेचं पोट उघडं पडलं. पुढे सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार चळवळीच्या रेट्याने 31 जुलै 1981 चा कायदा आला आणि कापलेली जागा दाखवण्याचा हक्क संपादकांना मिळाला. ऐंशीच्या दशकातलं 'तिगोद्निक पोव्शेख्नी' उघडा. चालू परिच्छेदाच्या मध्येच चौकटी कंस, त्यात चार आडव्या रेघा, आणि लगेच पुढे कायद्याचं नाव, तारीख, कलम आणि पोटकलम असं रुक्ष वाक्य दिसेल. घाईत वाचणारा ते ओलांडून जातो. थांबा. पोटकलमाचा आकडा टिपून घ्या आणि कायद्यातलं ते कलम उघडून बघा: कोणत्या कारणासाठी कापलं हे सरकारनेच तुम्हाला लिहून दिलेलं असतं. एका वर्षाच्या अंकांतले असे आकडे एका तक्त्यात भरले की तेवढ्यावरच छोटा निबंध उभा राहतो.

जे लिहिलेलं नाही ते

रशियन वॉर्सात 1863 च्या रशियाविरुद्धच्या उठावाचं नाव घेणं धोक्याचं होतं. लेखकांनी आडवळणाची भाषा घडवली. माणूस "दूर गेला होता" किंवा "उत्तरेकडे काही वर्षं होता" म्हटलं की वाचक सायबेरियाची हद्दपारी समजे. बोलेस्वाव प्रुस यांची 'लाल्का' ही कादंबरी 1887 ते 1889 या काळात 'कुरियेर त्सोद्झेन्नी'मध्ये क्रमशः आली, ती वर्तमानपत्रात जशी छापली तशीच वाचली तर हा खेळ नीट दिसतो. कादंबरीच्या आजच्या आवृत्त्यांत सेन्सॉरने काढलेला मजकूर परत घातलेला असतो. वृत्तपत्राचा अभ्यास करणाऱ्याला तो मजकूर नसलेलं पान हवं.

अशी क्रमशः लेखनं बहुधा पानाच्या खालच्या भागात, आडव्या रेघेखाली असतात. वरच्या राजकारणात गुंतून हा तळमजला सोडू नका. हेन्रिक शेन्क्येविच यांनी अमेरिकेहून पाठवलेली प्रवासपत्रं 1876 पासून 'गाझेता पोल्स्का'त आली, आणि सही होती 'लित्वोस'. टोपणनावं आणि आद्याक्षरं उलगडण्यासाठी ओसोलिनेउम या व्रोत्स्वावच्या संस्थेने नव्वदच्या दशकात काढलेला टोपणनावांचा चार खंडी कोश आहे. नुसत्या दोन अक्षरांच्या सहीवरून लेखक ठरवण्याचा मोह आवरावा. तीच आद्याक्षरं दोघांची असतात.

सारख्या नावांची गल्लत

पॅरिसची 'कुल्तुरा' वेगळी आणि वॉर्सात 1963 ते 1981 निघालेलं सरकारमान्य साप्ताहिक 'कुल्तुरा' वेगळं; दोघांचे राजकीय पक्ष उलटे. 1894 चं 'रोबोत्निक' आणि 1977 चं भूमिगत 'रोबोत्निक' यांच्यात परंपरेचा धागा आहे, पण पत्र एक नाही. 'स्वोव्हो' नावाचं एक दैनिक वॉर्साचं, 1882 पासून काही वर्षं शेन्क्येविच संपादक असलेलं, दुसरं विल्नोचं 1922 चं. सगळ्यात वाईट गल्लत 'नोवी कुरियेर वार्शाव्स्की'ची. नाव वाचून ते जुन्या कुरियेरचं पुढचं पान वाटतं. प्रत्यक्षात 1939 च्या शरद ऋतूत जर्मन प्रशासनाने जुन्या नावाची पत वापरून काढलेलं ते प्रचारपत्र होतं.

उलटही घडतं: नाव बदलतं आणि पत्र तेच राहतं. ग्रिद्झेव्स्कींचं साहित्यिक साप्ताहिक युद्धात परागंदा होऊन नव्या नावाने चाललं, आणि 1946 पासून लंडनहून नुसतं 'व्यादोमोश्ची' म्हणून 1981 पर्यंत निघालं. म्हणून प्रत्येक पत्राची वंशावळ आधी कागदावर मांडा: आधीचं नाव, पुढचं नाव, शहर, मालक, पुरवण्या, सकाळ-संध्याकाळच्या आवृत्त्या. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तालिकेत पूर्वीचं आणि नंतरचं शीर्षक अशा नोंदी असतात. त्या पाहून सुरुवात करावी.

स्कॅन कुठे मिळतात

पहिला थांबा पोलोना, म्हणजे वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह. दुसरा, आणि माझ्या मते जास्त उपयोगी, डिजिटल ग्रंथालयांचा महासंघ. पोझ्नानच्या महासंगणक केंद्राने 2007 मध्ये सुरू केलेलं हे सामाईक शोधपान देशभरातल्या प्रादेशिक संग्रहांत एकदम शोध घेतं. इथे पत्राचं नाव टाकलं की ते कुठल्या संग्रहात आहे ते कळतं, मग थेट तिकडे जायचं. पोझ्नान परिसरासाठी व्येल्कोपोल्स्का, कातोवित्से भागासाठी श्लोंस्का, क्राकूवसाठी मालोपोल्स्का आणि याग्येलोन्स्का डिजिटल ग्रंथालय, बिदगोश्च-तोरुनसाठी कुयाव्स्को-पोमोर्स्का. वॉर्साच्या दैनिकांसाठी वॉर्सा विद्यापीठाचा संग्रहही पाहावा.

एकाच पत्राची वेगवेगळी वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी असणं नेहमीचंच. त्याचं कारण इतिहासात आहे: 1944 चा उठाव मोडल्यावर जर्मनांनी वॉर्साची ग्रंथालयं जाळली, त्यात ओकुल्निक रस्त्यावरचं क्राशिन्स्की ग्रंथालय भस्मसात झालं. क्राकूवचे संग्रह त्या मानाने बचावले. म्हणून वॉर्साच्या पत्राचा अंक वॉर्सात नसेल तर क्राकूवला पाहा, मग पोझ्नान, मग सीमेपलीकडे.

सीमेपलीकडचं विसरू नका. ल्वूव आज युक्रेनमध्ये आहे, विल्नो म्हणजे आजचं लिथुआनियातलं विल्न्यूस. ल्वूवच्या पत्रांसाठी तिथल्या स्तेफानिक ग्रंथालयाचं दार ठोठवावं लागतं. ओसोलिनेउमचा जुना संग्रह तिथेच होता, युद्धानंतर त्याचा एक भाग व्रोत्स्वावला आला. विल्नोच्या पत्रांसाठी लिथुआनियाचं राष्ट्रीय वारसा संकेतस्थळ आहे. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'आनो' संग्रह गालिचियाच्या संदर्भासाठी बघावा. यिद्दिश आणि पोलिश-ज्यू पत्रांसाठी इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऐतिहासिक ज्यू वृत्तपत्रांचा संग्रह. पॅरिसच्या 'कुल्तुरा'चे अंक तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचता येतात, आणि ऐंशीच्या दशकातली बिनपरवाना पत्रं शोधताना वॉर्साच्या कार्ता केंद्राचा संग्रह चुकवू नये.

तांत्रिक अडचण एकच मोठी. पोलिश ग्रंथालयांनी सुरुवातीच्या काळात हजारो अंक 'डेजाव्यू' नावाच्या फाइल प्रकारात ठेवले, आणि आजचे ब्राउझर ते दाखवत नाहीत. पान कोरं दिसलं तर संग्रह बंद पडला असं समजू नका. फाइल उतरवून घ्या आणि मोफत वाचक-सॉफ्टवेअरमध्ये उघडा. या फाइलींमागे बऱ्याचदा यंत्राने ओळखलेला मजकूर दडलेला असतो, म्हणजे आत शब्दही शोधता येतो.

युद्धोत्तर अंक बऱ्याचदा फक्त ग्रंथालयातल्या संगणकावर उघडतात. पोलंडमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्याचा हा परिणाम.

शोधशब्द

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे: विभक्ती काय असते हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मुंबई, मुंबईत, मुंबईहून होतं तसंच पोलिशमध्ये वार्शावा, वार्शावी, वार्शाव्ये होतं. सात विभक्त्या आहेत. पूर्ण शब्द टाकून शोधलात तर फक्त प्रथमा मिळेल. शब्दाचं मूळ टाकून शेवटी तारांकन द्या, बहुतेक संग्रहांत ते चालतं. मूळही किंचित बदलू शकतं: क्राकूवचं "क्राकोव्ये" होताना मधला स्वर पालटतो, म्हणून पहिली चार अक्षरं पुरेत.

मग जुनं शुद्धलेखन. परक्या शब्दांत ज्या जागी आज इंग्रजी आय अक्षर दिसतं, तिथे एकोणिसाव्या शतकात वाय लिहीत, आणि दोन युद्धांच्या दरम्यान जे. 1936 च्या सुधारणेने आजचं रूप रूढ झालं. भारताचं पोलिश नाव 'इंद्ये' शोधायचं तर तीनही स्पेलिंग टाकून पाहा. 'कुरियेर' या शब्दाचंही तेच. त्यात पत्रांचे स्वतःचे हट्ट: क्राकूवच्या इलुस्त्रोवानीने 1939 पर्यंत नावात जुना वाय सोडला नाही. मुंबईसाठी आजचं रूप 'बोंबाय' जे अक्षराने संपतं, जुन्या पत्रांत इंग्रजी धर्तीचं वायचं रूपही चालवून पाहावं. प्लेगला 'जुमा' हा शब्द आहे, पण साथ या व्यापक अर्थाचा 'झाराझा'ही टाका.

पोलिशमध्ये शेपटी, ठिपका किंवा रेघ असलेली नऊ खास अक्षरं आहेत. जुना छापा यंत्राने वाचताना हीच पहिली बिघडतात, विशेषतः आडवी रेघ असलेला एल कधी साधा एल तर कधी टी होतो. नाव सापडत नसेल तर ते चुकीच्या रूपात शोधून बघा. प्रशियाच्या मझुरिया भागातली प्रॉटेस्टंट वाचकांची पोलिश पत्रं तर विसाव्या शतकातही गॉथिक टायपात छापत. तिथे यंत्राच्या वाचनावर विसंबू नये, पानं डोळ्यांनीच चाळावीत.

पोलिश येत नसेल तर

पन्नासेक शब्द पाठ करा, बस. झेन्निक म्हणजे दैनिक, तिगोद्निक साप्ताहिक, म्येशेंच्निक मासिक, क्फार्ताल्निक त्रैमासिक, नुमेर अंक, रोक वर्ष, दोदातेक पुरवणी, नाक्वाद छापील प्रती, वर्गणीला प्रेनुमेराता, छापखान्याला द्रुकार्न्या. एवढ्यावर तालिका वाचता येते.

मजकुरासाठी यंत्र-अनुवाद चालतो, पण एक काळजी घ्या: ओळखलेला मजकूर तसाच अनुवादकात टाकू नका. आधी मूळ पानाशी ताडून अक्षरं दुरुस्त करा, जुनं शुद्धलेखन आजच्यासारखं करा, मग अनुवाद. आणि ज्या वाक्यावर तुमचा निष्कर्ष उभा आहे ते जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय वापरू नका.

एक आडवाटही आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत सरकारी रोजगार योजनेतून शिकागोच्या परभाषिक वृत्तपत्रांतले हजारो उतारे इंग्रजीत भाषांतरित झाले. त्यात शिकागोच्या पोलिश दैनिकांचा मोठा वाटा आहे आणि न्यूबेरी ग्रंथालयाने तो संग्रह ऑनलाइन ठेवला आहे. स्थलांतरित पोलिश वाचकांवर काम करायचं तर पोलिशचा एक शब्द न येता सुरुवात होऊ शकते. निवड दुसऱ्या कुणीतरी केलेली आहे एवढं भान ठेवावं.

आपल्या दारातलं पोलिश पाक्षिक

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित छावणीत राहिले. त्याच वर्षांत मुंबईहून 'पोलाक व्-इंद्याख' (भारतातला पोल) हे पोलिश भाषेतलं पाक्षिक निघत होतं. नवख्या मराठी अभ्यासकाला मी हाच विषय सुचवेन, कारण अर्धी साधनं महाराष्ट्रात आहेत.

वर सांगितलेलं सगळं इथे उलटं लागू होतं. राज्य ब्रिटिशांचं, किंमत रुपये-आण्यांत, कायदा 1867 चा मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणीचा. त्या कायद्यानुसार छापखान्याचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक, म्हणून पहिल्यांदा शेवटच्या पानावरची प्रिंटलाइन उतरवा. मुंबईच्या कुठल्या छापखान्यात ती खास नऊ अक्षरं होती, की नसताना चालवून नेली, हे छापील पान बारकाईने पाहिलं की कळतं. मग युद्धकाळातला सेन्सॉर. पोलिश वकिलातीचं मुंबईतलं काम प्रमुख वाणिज्यदूत एउगेन्युश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांच्याभोवती फिरतं, त्यामुळे ही दोन नावं शोधशब्द म्हणून हाताशी ठेवा. वांदा दिनोव्स्का, भारतात उमादेवी म्हणून परिचित, यांनी मॉरिस फ्रिडमन यांच्यासोबत पोलिश-भारतीय ग्रंथमाला चालवली. त्यांचंही नाव दोन्ही रूपांत शोधावं.

कागदपत्रांसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, कोल्हापूरचं पुराभिलेखागार आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. अंकांसाठी वॉर्साचं राष्ट्रीय ग्रंथालय, लंडनमधलं पोलिश ग्रंथालय आणि सिकोर्स्की संग्रहालय यांना विचारावं. जेव्हा पत्राचा अंक आणि सरकारी दप्तर दोन्ही एका आठवड्याचे हाती येतात, तेव्हा छावणीतल्या शाळेबद्दल पाक्षिकात काय छापलं आणि अधिकाऱ्यांनी फाइलवर काय शेरा मारला हे शेजारी मांडता येतं.

दप्तर, आणि ग्रंथालयाला पत्र

सेन्सॉरच्या बाजूची कागदपत्रं पोलंडमध्येच आहेत. रशियन काळासाठी वॉर्साचं जुन्या दस्तऐवजांचं मुख्य अभिलेखागार, साम्यवादी काळासाठी आधुनिक दस्तऐवजांचं अभिलेखागार. दोन्हींच्या सूची पोलिश सरकारी अभिलेखागारांच्या सामाईक शोध-संकेतस्थळावर पाहता येतात. याआधी कुणी काय लिहिलंय हे बघायला 1998 पासून क्राकूवहून निघणारं पोलिश वृत्तपत्र-इतिहासाचं नियतकालिक आहे, आणि त्याआधीची त्याची भावंडंही. माणसं शोधणाऱ्यांसाठी 'कुरियेर वार्शाव्स्की'तल्या मृत्युवार्तांची छापील सूची आहे. पूर्वजांचा माग काढणारे तीच आधी उघडतात.

टिपण करताना प्रत्येक अंकासाठी पत्राचं नाव त्या काळच्या स्पेलिंगमध्ये, वर्ष, अंक क्रमांक, दोन्ही तारखा, आवृत्ती (सकाळ, संध्याकाळ, जप्तीनंतरची), पान, आणि ज्या ग्रंथालयाची प्रत पाहिली त्याचं नाव लिहा. नुसता दुवा पुरत नाही, दुवे मरतात. न सापडलेले अंकही नोंदवा आणि कारण शोधा. 13 डिसेंबर 1981 ला लष्करी कायदा लागला तेव्हा जवळपास सगळी पत्रं थांबवली गेली. तिथली पोकळी ही ग्रंथालयाची उणीव नव्हे. छापील प्रतींचा आकडा पत्राने स्वतः सांगितला असेल तर "पत्राच्या म्हणण्यानुसार" असंच लिहावं. जाहिरातदारांना दाखवायचा आकडा तो.

शेवटी एखादा अंक अडतोच आणि ग्रंथालयाला मेल लिहावा लागतो. इंग्रजीत लिहिला तरी चालतो, पण पत्राचं नाव पोलिश अक्षरांसकट द्या, अंक क्रमांक आणि तारीख द्या, कोणती पानं हवीत ते सांगा, आणि तुम्ही कुठले संग्रह आधीच पाहिलेत याची एक ओळ घाला. "तुमच्याकडे या विषयावर काय आहे?" असा मोघम प्रश्न विचारला तर मोघमच उत्तर येतं. सूक्ष्मपटावरून (मायक्रोफिल्म) स्कॅन करून देण्याचा खर्च आणि वेळ आधी विचारून घ्या, आणि एका मेलमध्ये एकाच पत्राचं काम सांगा.